भाकरीवरचा आरोप

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

"भात बंद कर, भाकरी बंद कर, महिन्याभरात पाच किलो उतरतील." हा सल्ला ज्याला कधी मिळाला नाही असा माणूस आज नाशिकमध्ये शोधूनही सापडणार नाही. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारी मंडळी तो एकमेकांना देतात. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाटी संपवता संपवता तो दिला जातो. आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये तर तो रोजच्या वरणासारखा सर्वांना वाढला जातो. यंदा आमच्यापैकी पाच-सहा मुलींनी पोळी, भाकरी आणि भात हे तिन्ही सोडले आहेत. ताटात नुसती भाजी घेऊन त्या उठतात. दुपारी चारचा सामोसा मात्र त्यांना वर्ज्य नसतो, हा भाग निराळा.

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, वैद्यकशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही या प्रश्नाच्या मागे लागावेसे वाटले, त्याचे कारण साधे आहे. आपल्या भाषेत 'भाकरी' या शब्दाचा अर्थच मुळी उपजीविका असा आहे. 'पोटाची भाकरी', 'भाकरीचा प्रश्न' असे आपण सहज म्हणतो. ज्या अन्नावर आपल्या पिढ्यान्‌पिढ्या जगल्या तेच अन्न जर शरीराचे शत्रू असेल, तर ते नीट समजून घेतले पाहिजे. आणि तसे नसेल, तर निदान आपल्या घरच्या ताटावरचा खोटा आरोप तरी दूर केला पाहिजे. या हेतूने ग्रंथालयात बसून जे वाचले आणि समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

पिष्टमय पदार्थ म्हणजे काय?

शाळेत आपण शिकलो की अन्नात पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असे तीन मुख्य घटक असतात. पिष्टमय पदार्थांना आता पुस्तकांत कर्बोदके म्हणतात. ज्वारी, बाजरी, नागली, गहू, तांदूळ, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, द्राक्षे या सर्वांत कर्बोदके आहेत. डाळी आणि दूध यांतही ती असतात. म्हणजे 'मी कर्बोदके पूर्ण सोडली' असे म्हणणारा माणूस बहुधा फक्त पोळी आणि भात सोडून बसलेला असतो.

एक ग्रॅम कर्बोदकांपासून शरीराला सुमारे ४ उष्मांक मिळतात. (यालाच आपण बोलताना कॅलरी म्हणतो.) प्रथिनांपासूनही ४ मिळतात. तेल-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून मात्र ९ उष्मांक मिळतात. तेव्हा नुसत्या उष्मांकांच्या हिशेबाने पाहिले तर वजनाच्या बाबतीत भाकरीपेक्षा तिच्यावरचे तेल अधिक 'महाग' आहे. सत्तर ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २४० उष्मांक असतात. दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम तेलात त्याहून जास्त असतात. भाजीवर तरंगणारा तेलाचा तवंग आपल्याला दिसतो, पण तो ताटात मोजला जात नाही. भाकरी मात्र मोजली जाते, कारण ती एक, दोन, तीन अशी मोजता येते. तिच्यावर पहिला आरोप येण्याचे हेही एक कारण असावे.

आरोपाची बाजू

आरोप करणाऱ्यांचे म्हणणे मात्र अगदीच पोकळ नाही. ते आधी प्रामाणिकपणे ऐकून घेऊ.

आपण भात खाल्ला की त्यातील पिष्टाचे पचन होऊन ग्लुकोज ही साखर रक्तात उतरते. रक्तातील साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा स्राव रक्तात येतो. हे इन्शुलिन ग्लुकोजला पेशींत शिरण्यास मदत करते आणि त्याच वेळी शरीरात साठलेली चरबी बाहेर काढण्याचे काम थांबवते. दारात नवे सामान येत असताना कोठारातले जुने सामान कोण बाहेर काढील? प्रथिनांनी इन्शुलिन कमी प्रमाणात वाढते, स्निग्ध पदार्थांनी फारच थोडे. म्हणून कर्बोदके सोडली तर इन्शुलिन खाली राहील, चरबीचे कोठार उघडेल आणि वजन उतरेल, असा हा युक्तिवाद आहे.

तो नवा नाही. विल्यम बँटिंग नावाच्या लंडनच्या एका गृहस्थाने १८६३ साली आपल्या स्थूलपणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून आपण वर्षभरात सुमारे वीस किलो वजन उतरवले, असे त्याने लिहिले. ती पुस्तिका इतकी गाजली की 'बँटिंग करणे' म्हणजे वजन उतरवणे असा वाक्प्रचारच इंग्रजीत रूढ झाला. पुढे १९७२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने हाच विचार घरोघरी नेला.

कर्बोदके सोडणाऱ्याचे वजन पहिल्या आठवड्यात खरोखरच झपाट्याने उतरते. पण त्यात एक गंमत आहे. आपले यकृत आणि स्नायू मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पिष्ट ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके बंद झाली की हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही निघून जाते. दीड-दोन किलोंचा फरक काट्यावर दिसतो आणि माणूस हरखून जातो. पण तो फरक बहुतांशी पाण्याचा असतो. एखाद्या लग्नाला जाऊन दोन दिवस पोटभर जेवले की हे पाणी परत येते, आणि 'एका दिवसात दोन किलो वाढले' म्हणून तोच माणूस हवालदिल होतो. दोन्ही वेळा चरबीच्या कोठारात फारसे काही घडलेले नसते.

प्रयोग काय सांगतात?

मग चरबीचे काय? हे तपासण्यासाठी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काटेकोर प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्थूल अशा १९ व्यक्तींना संस्थेतच ठेवून त्यांचे खाणे मोजून दिले. एकदा त्यांच्या आहारातील कर्बोदके कमी केली, एकदा स्निग्ध पदार्थ कमी केले. दोन्ही वेळा उष्मांकांची कपात सारखीच होती. कर्बोदके कमी केल्यावर इन्शुलिन खाली गेले आणि दिवसाला सरासरी ५३ ग्रॅम चरबी घटली. स्निग्ध पदार्थ कमी केल्यावर मात्र ८९ ग्रॅम घटली. इन्शुलिन खाली गेले म्हणजे चरबी अधिक उतरेलच असे नाही, हे त्यावरून दिसले.

पण प्रयोगशाळेत मोजून दिलेले खाणे आणि घरचे खाणे यांत फरक असतोच. म्हणून दुसरा, मोठा प्रयोग पाहू. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा हा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६०९ माणसे होती. निम्म्यांना कर्बोदके कमी करायला सांगितले, निम्म्यांना स्निग्ध पदार्थ. एका वर्षानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी ६ किलो घटले आणि दुसऱ्या गटाचे ५.३ किलो. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका लहान होता. त्याहून बोलकी गोष्ट अशी की प्रत्येक गटात काहींचे वजन पंचवीस किलोंच्या आसपास उतरले, तर काहींचे चक्क वाढले. म्हणजे आहार कोणता, यापेक्षा तो कोण किती काळ पाळू शकतो याला महत्त्व अधिक. आणि दोन्ही गटांना एक सूचना मात्र समान होती : साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, अन्न शक्यतो घरी शिजवा.

भातावर आरोप करणाऱ्यांनी वॉल्टर केम्पनर या डॉक्टरांची हकिगतही लक्षात घ्यावी. त्यांनी १९३९ पासून अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात रक्तदाबाच्या रोग्यांना मुख्यतः भात, फळे आणि साखर यांवर ठेवले. पुढे १९७५ साली त्यांनी अतिस्थूल अशा १०६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी प्रत्येकाचे वजन किमान ४५ किलो उतरले होते, आणि तेही भातावर! अर्थात तो आहार अत्यंत बेताचा, देखरेखीखालचा होता आणि त्याला व्यायामाची जोड होती. तो कोणी घरी करू नये. पण भात खाल्ल्याने वजन उतरूच शकत नाही, हे म्हणणे त्याने कायमचे खोडून काढले.

दीक्षित की दिवेकर?

आपल्या महाराष्ट्रात हा वाद वेगळ्याच नावाने गाजला. २०१८-१९ च्या सुमारास कोणत्याही घरात पाहुणे जमले की प्रश्न निघे, "तुम्ही दीक्षित की दिवेकर?" डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन सांगितले, की कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि मधल्या वेळात काही खाऊ नका. त्यामागची भूमिका इन्शुलिनचीच, वारंवार खाल्ले की ते वारंवार वाढते ही. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचे सांगणे असे की उपाशी राहू नका, थोडे थोडे पण वेळेवर खा, आणि आजीच्या हातचे वरण-भात-तूप, भाकरी यांना घाबरू नका.

दोन टोकांचे हे मार्ग, आणि दोन्हींकडे 'माझे वजन उतरले' असे सांगणारी माणसे! हे कसे? मला यात विरोध वाटत नाही. दोनदाच जेवणाऱ्याचे मधल्या वेळेचे काय सुटले? गोड चहा, त्याच्याबरोबरची बिस्किटे, चारचा वडापाव, रात्रीचा फरसाण. आणि वेळेवर घरचे खाणाऱ्याचे काय सुटले? तेच! दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर धरली तर ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० उष्मांक, नुसत्या चहातून जातात. दोन्ही मार्गांनी भाकरी घरातून गेली नाही. गेला तो पुडा. वजन उतरले असेल तर बहुधा त्यामुळे.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. माणसाच्या शरीरात पिष्टापासून थेट चरबी सहसा फार थोडी बनते. शरीर आलेले पिष्ट आधी जाळते, आणि त्या काळात सोबत आलेले तेल-तूप बाजूला ठेवून कोठारात टाकते. म्हणून पिष्ट आणि तेल हातात हात घालून आणि गरजेपेक्षा जास्त आले की ते अंगी लागते. वडापाव, सामोसा, शेव, चिवडा, तर्रीची मिसळ यांची रचनाच तशी आहे. नाशिककराने मिसळ सोडावी असे सुचवण्याचे धाडस मी करणार नाही. रविवारची मिसळ रविवारी राहिली, म्हणजे झाले.

भाकरी तीच, खर्च वेगळा

माझी आई दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांवर मजुरीने जाते. छाटणी, विरळणी, तोडणी अशी कामे वर्षभर चालतात. हात वर करून दिवसभर मांडवाखाली उभे राहायचे. दुपारच्या सुटीत दोन भाकरी, कोरड्यास आणि कांदा हे तिचे जेवण. तिच्या अंगावर चरबी शोधावी लागेल. माझे मामा सातपूरला रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. तेही दोनच भाकरी खातात, पण रात्रभर खुर्चीवर बसतात आणि जागे राहण्यासाठी चहा घेतात. त्यांचे पोट सुटले आणि गेल्या वर्षी रक्तात साखरही निघाली. भाऊ-बहिणीच्या ताटात भाकरी तीच आहे. फरक पडला तो श्रमाचा, झोपेचा आणि चहातल्या साखरेचा. आपल्या आजोबांचे ताट घेऊन आपण त्यांचे श्रम तेवढे सोडून दिले, हे आपल्या पिढीच्या वजनाचे निम्मे कारण आहे.

पण मामांसारख्यांना "भाकरी निर्दोष आहे, खुशाल खा" असे सांगून मोकळे होणेही बरोबर नाही. कारण भारतीय शरीराची एक वेगळी अडचण आहे, आणि ती पुढे आणण्यात पुण्याच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले छायाचित्र आणि आकडे छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे ज्याला बी.एम.आय. म्हणतात तो दोघांचाही २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर आणि आरशात आपण सडपातळ दिसतो, पण आत चरबी असते, आणि ती बहुधा पोटाभोवती साठते. म्हणूनच आपल्याकडे बी.एम.आय. २३ च्या पुढे गेला की सावध व्हा, पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत ठेवा, असे सांगतात.

ही चरबी येते कोठून? याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडमधील साऊदम्प्टन शहराच्या बालकांचे ३.५ किलो होते. आपली बालके लहान, त्यांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बालके अधिक भरलेली होती. म्हणजे मधुमेहाच्या कहाणीचा आरंभ शेतात राबणाऱ्या आईच्या अर्धपोटी ताटात होतो. हे वाचताना मी बराच वेळ पुस्तकाचे पान उलटू शकले नाही.

म्हणूनच बारीक दिसण्यासाठी जेवण सोडणाऱ्या मैत्रिणींची मला काळजी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. उपाशी राहून वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आधीच स्नायू कमी असलेल्या शरीराला तो तोटा परवडणारा नाही.

उपवासाचे ताट

कर्बोदकांत कर्बोदके किती वेगळी असतात, हे समजून घ्यायला उपवासासारखे उदाहरण नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केली नाही. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदापासून काढलेला जवळजवळ शुद्ध पिष्ट. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला. आता हिशेब करू. साठ ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि पंधरा ग्रॅम तूप अशा एका बशीत साधारण ४८५ उष्मांक होतात. प्रथिने सहा-सात ग्रॅम, आणि तीही दाण्यांची. दुसऱ्या ताटात एक बाजरीची भाकरी, चमचाभर तेलाची पालेभाजी आणि वाटीभर वरण घेतले तर सुमारे ४१५ उष्मांक आणि त्याच्या दुप्पट प्रथिने मिळतात. शिवाय बाजरी आणि नागलीत शंभर ग्रॅमला अकरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात तीन ग्रॅमहूनही कमी. हा चोथा पचन सावकाश होऊ देतो आणि पोट भरल्याची जाणीव टिकवतो.

त्र्यंबकेश्वरी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिवस-दिवस पायी चालत येणाऱ्या वारकऱ्याला ती खिचडी भोवत नाही. ती भोवते घरात बसून एकादशी करणाऱ्याला. उपवासच करायचा तर आपल्या पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांत पिकणारी वरई, म्हणजे भगर, ताकाबरोबर खावी. तीही धान्यच आहे, जपून घ्यावी, पण साबुदाण्याइतकी कोरी नाही.

ताट आणि बाजारभाव

आता अर्थशास्त्राकडे वळते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तेथेच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणसाला दिवसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून मिळतात आणि प्रथिनांतून केवळ १२ टक्के. त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती भाकरीच्या कैवाऱ्यांनीही ऐकावी. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घेतले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी किंवा दूध-दही यांतील प्रथिने आली, तेव्हा धोका कमी दिसला. याचा अर्थ असा की चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी, ही सुधारणा नव्हे. चारांच्या दोन होऊन शेजारची वाटी भरली पाहिजे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुचवलेले दोन हजार उष्मांकांचे ताट असेच आहे. दिवसाला धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे वगैरे ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य बंद करा असे संस्था म्हणत नाही. धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत ठेवा, एवढेच म्हणते.

पण हे ताट भरणार कोण? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दिवसाला हे १६७ ग्रॅम होते, म्हणजे सुमारे ५८० उष्मांक. या धान्याने किती चुली पेटत्या ठेवल्या हे आमच्यासारख्या घरांना सांगायला नको. पण ते आहे गहू आणि तांदूळ. तूरडाळ, दूध, पालेभाजी, अंडी यांसाठी रोख पैसे मोजावे लागतात. महिनाअखेर आली की प्रथम डाळ पातळ होते, मग भाजी नाहीशी होते, आणि पोट भरण्याचे सारे ओझे धान्यावर पडते. गरीब माणूस कर्बोदके जास्त खातो ते त्याला कोणी शहाणपण शिकवले नाही म्हणून नव्हे. बाजारात एका रुपयाला सर्वांत जास्त उष्मांक धान्यच देते, म्हणून. श्रीमंताने भाकरी सोडली तर तिची जागा बदाम आणि पनीर घेतात. गरिबाने सोडली तर ती जागा रिकामीच राहते. एकच सल्ला दोन घरांत दोन परिणाम करतो.

तेव्हा उत्तर काय?

कर्बोदके खाल्ल्याने वजन उतरण्यावर परिणाम होतो का, या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. ती किती आणि कोणत्या रूपात येतात, आणि ताटातली कोणाची जागा घेतात, यावर ते अवलंबून आहे. वजन उतरते ते खर्चापेक्षा जमा कमी झाल्याने. कर्बोदके कमी करून कोणी हे साधले तर वजन उतरेल, तेल कमी करूनही उतरेल. ज्यांना मधुमेह आहे त्यांना कर्बोदके कमी करण्याचा विशेष उपयोग होतो. पण गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच करावे, नाहीतर साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते.

आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी काय करावे? पहिल्याने चहातली साखर, थंड पेये आणि बिस्किटांचे पुडे सोडावेत. ही कर्बोदके सोडल्याने कोणाचेच नुकसान झालेले नाही. धान्य भुकेपुरते आणि श्रमापुरते घ्यावे. वरणात डाळ असावी, नुसते पिवळे पाणी नव्हे, असा आग्रह मेसमध्ये धरावा. मोड आलेली मटकी, हरभरे, दाणे, ताक ही आपल्या खिशाला परवडणारी प्रथिने आहेत. आणि सिटी बसचे एक-दोन थांबे पायी चालावेत.

भाकरीवरचा आरोप मला सिद्ध झालेला दिसला नाही. पण ती ताटात एकटी पडली आहे, हे मात्र खरे आहे. तिला शिक्षा करण्यापेक्षा तिच्या शेजारी वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर पालेभाजी कशी येईल, तीही महिनाअखेरीस आणि दिंडोरीच्या मजुराच्या घरी, हा विचार आपण शिकलेल्या मुलांनी केला पाहिजे. ते साधले, तर वजनाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल.